खांदा दुखतो, दम लागतो, तरी जिगिंग करायचंय? मग हे जिग घ्या आणि ते राहू द्या

जिग म्हणजे गळ लावलेला जड धातूचा तुकडा, आणि तो पाण्यात सोडून खालीवर हलवत मासे पकडणं म्हणजे जिगिंग. आधीच सांगतो, हा रिव्ह्यू वयाची साठी ओलांडलेल्या, डावा खांदा आखडलेल्या, शुगरची गोळी खिशात घेऊन फिरणाऱ्या आणि वजनाचा आकडा कोणाला न सांगणाऱ्या माणसाने लिहिलाय. तरण्याताठ्या पोरांसाठी यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, त्यात कोणीतरी बोटीच्या टोकावर उभं राहून तासभर रॉड हापसतो आणि शेवटी हातभर मासा दाखवतो. ते बघून आपल्यासारखा माणूस तसाच जिग ऑर्डर करतो, मालवणला येतो, दहा मिनिटात धाप लागते आणि उरलेला दिवस बोटीत बसून दुसऱ्यांचे मासे मोजतो. असे बरेच जण मी बघितलेत म्हणून हे लिहायला घेतलं. मी देवबाग, तारकर्ली आणि निवतीच्या बाजूला फायबरच्या छोट्या होडीतून जातो, सीझन नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की सुरू आणि मे मध्ये बंद, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते त्या पाण्याबद्दल आहे, अंदमानबद्दल नाही.

आणि सगळा घोळ तिथेच आहे. आपण व्हिडिओ बघतो अंदमानचे किंवा जपानचे, जिथे शंभर-दीडशे मीटर पाण्यात दोनशे-तीनशे ग्रॅमचे जिग सोडतात. आपल्या कोकणाचा समुद्र लांबपर्यंत उथळ आहे. होडीने तासभर गेलात तरी पंधरा, वीस, फार तर पंचवीस मीटर पाणी मिळतं. आंग्रिया बँकसारखी समुद्रात बुडालेली प्रवाळांची जागा आहे, पण ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या पुढे, तिथे आपण गुडघ्याला पट्टा बांधून जाणार नाही. मग वीस मीटर पाण्यासाठी दोनशे ग्रॅमचं लोखंड कशाला हवं हातात? माझा साधा हिशोब, मीटरमध्ये जेवढी खोली त्याच्या तिप्पट ग्रॅम. वीस मीटरला साठ. करंट, म्हणजे पाण्याला ओढ, असेल तर ऐंशी. यापेक्षा जड जिग मी आता पिशवीतच ठेवत नाही, ठेवला की वापरायचा मोह होतो.

आता एकेक प्रकार घेतो.

पहिला तो लांबट, सुरीसारखा दिसणारा स्पीड जिग, ज्याला नाइफ जिग म्हणतात. दिसायला एकदम भारी, दुकानदार पण पहिला हाच दाखवतो. हा जिग स्वतःहून काही करत नाही, सरळ खाली जातो आणि सरळ वर येतो, त्याला जीव द्यायचं काम तुमच्या हाताचं. प्रत्येक झटक्याला रीलच्या हँडलचा एक फेरा, झटका-फेरा झटका-फेरा, तळापासून वरपर्यंत न थांबता. सुरमई, कोकर असले पळणारे मासे यावर येतात हे खरं आहे. पण ज्याचा खांदा धड नाही, ज्याला जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, त्याने याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दम लागला की हात हळू होतो, आणि हात हळू झाला की हा जिग नुसता शिशाचा तुकडा. रेटिंग द्यायचं तर जिग म्हणून चांगला, आपल्यासाठी शून्य.

दुसरा प्रकार स्लो जिग, आणि खरं सांगायचं तर हा सगळा लेख त्याच्यासाठीच आहे. ही पद्धत जपानमधली, नोरिहिरो सातो यांचं नाव तिच्याशी कायम घेतलं जातं, आणि तिथे ती अशा माशांसाठी वापरतात जे पाठलाग करायच्या मूडमध्ये नसतात. म्हणजे आळशी माशांसाठी आळशी माणसाची पद्धत, जमली जोडी. हा जिग रुंद आणि चपटा असतो, वजन मधोमध, आणि सोडला की फणसाचं पान गळतं तसा डोलत, कलंडत, मध्येच चमकत खाली जातो. मासा बहुतेक वेळा वर खेचताना लागत नाही, जिग पडत असताना लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की सगळी घाई संपते, कारण पडायचं काम जिग करतो, आपण फक्त त्याला परत वर नेऊन सोडायचं.

दुकानात घेताना एक गोष्ट करून बघा, मी नेहमी करतो आणि दुकानदार तोंड वाकडं करतात. जिग आडवा धरून बोटावर ठेवा आणि तोल कुठे येतो ते बघा. बरोबर मध्यावर तोल आला तर तो सावकाश डोलत जाणार. शेपटीकडे आला तर पटकन खाली जाणार, डोलणार कमी, करंट जास्त असेल तेव्हा तो बरा. मग दोन्ही बाजू हाताने चाचपा, बहुतेक वेळा एक बाजू सपाट आणि दुसरी जरा फुगीर किंवा मध्ये कणा काढलेली असते, या फरकाने तो जास्त कलंडतो. दोन्ही बाजू अगदी सारख्या असतील तर तो सहसा कमी कलंडतो, कितीही चकचकीत असला तरी मी परत ठेवतो. माझ्याकडचा सगळ्यात वापरलेला साठ ग्रॅमचा आहे, गुलाबी पाठ आणि चंदेरी पोट, त्यावर अंधारात चमकणारे पट्टे होते ते आता दातांनी खरवडून अर्धे गेलेत आणि खालचं शिसं दिसायला लागलंय, तरी चालतोच आहे. शिशावरून आठवलं, हे जिग हाताळून झाले की हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका, बोटीत सगळे विसरतात.

वापरायचा कसा? तळाला टेकू द्यायचा, टेकला की लगेच दोन-तीन फेरे वर घ्यायचा कारण खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ, आहे आणि गळ अडकला की जिग गेला. रॉडचा दांडा काखेत धरायचा, पोटाला लावायचा नाही. मग टोक सावकाश पण ठामपणे आडव्याच्या थोडं वर आणायचं, त्याचवेळी हँडल अर्धा नाहीतर पाव फेरा, आणि टोक खाली सोडून थांबायचं. बस. रॉड वाकून सरळ होतो तेव्हा जिगला झटका तोच देतो, तुमच्या दंडाला काही करावं लागत नाही. थांबलात की नजर लाइनवर. लाइन मध्येच सैल पडली, किंवा जात होती ती थांबली, तर मासा आहे, हँडल फिरवा. तेवढ्या थांबण्यात श्वास पण घेऊन होतो. कोणी विचारलं का थांबलात तर टेक्निक आहे म्हणून सांगायचं, आणि ते खोटं नाही.

यावर मला इकडे गोबरा, तांबोशी, रानी मासे मिळालेत, कधी कोकर. मोठे म्हणाल तर फार नाही, पण जेवणापुरते होतात. छोटे गोबरे सोडून द्या राव, तळहाताएवढा गोबरा तव्यावर पण दिसत नाही.

किमतीचं म्हणाल तर साधा, नाव नसलेला साठ ग्रॅमचा स्लो जिग दोन-तीनशे रुपयात मिळतो आणि जपानी त्याच्या तिप्पट-चौपट. पाण्यात मला फरक जाणवतो, जपानी जिग प्रत्येक वेळी सारखाच डोलतो आणि स्वस्तातला कधी डोलतो कधी दगडासारखा जातो. पण खडपात दोन्ही सारखेच अडकतात. म्हणून सुरुवात स्वस्तातल्यानेच करा, फक्त त्याच्यासोबत आलेले असिस्ट हुक, म्हणजे जिगला दोरीने लटकणारे गळ, काढून टाका. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या जिगची हुकाची दोरी पहिल्याच बऱ्यापैकी माशाला सुटली, नुसत्या गोंदावर चिकटवलेली होती, तक्रार केली तर सेल्समधला माल परत घेत नाही म्हणे. वेगळे हुक घ्या, पातळ तारेचे, ते कमी जोरात घुसतात. आपल्याला जोराचा झटका मारता येत नाही ना, मग गळाने ते काम केलं पाहिजे.

आता लाइन. यावर कोणी बोलत नाही आणि आपल्यासारख्यांची निम्मी मेहनत इथेच वाचते. जाड लाइनला पाणी ढकलतं, लाइनला पोट पडतं, जिग तळाला पोचत नाही, मग माणूस जड जिग लावतो, मग खांदा जातो. पीई हा विणलेल्या लाइनच्या जाडीचा आकडा. पीई चारची लाइन साधारण ०.३३ मिलिमीटर जाड असते आणि पीई दीडची ०.२० च्या आसपास. आमच्याकडे बरेच जण चारच वापरतात, मोठा मासा लागला तर, या भीतीने. पण तो मोठा मासा लागेपर्यंत दिवसभर जास्तीचं वजन कोण उचलणार? पीई दीड, फार तर दोन, आठ पदरी, आणि पुढे तीस-चाळीस पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा जाड दोऱ्याचा तुकडा, एवढ्यावर आपलं भागतं. शक्यतो दर दहा मीटरला रंग बदलणारी लाइन घ्या, दोन रंग गेले म्हणजे वीस मीटर, डोळे कमजोर असले तरी कळतं.

लीडर जोडायची एफजी गाठ हा एक स्वतंत्र छळ आहे. हलत्या बोटीत, चष्म्यावर खारं पाणी उडालेलं, बोटं सुजलेली, अशात ती गाठ होत नाही म्हणजे नाही. घरी टेबलावर, दिव्याखाली, चहा शेजारी ठेवून बांधून न्या. लीडर तुटलाच तर बोटीत अल्ब्राइट गाठ मारायची, ती जाड होते पण पटकन जमते. आणि जिग बदलायला ती स्प्लिट रिंगची, म्हणजे किल्लीच्या कडीसारख्या दुहेरी कडीची, पक्कड लागते, संधिवात असलेल्याला ती धरवत नाही, त्यामुळे मी सरळ दणकट स्नॅप, म्हणजे उघडमीट होणारी कडी, लावतो. जाणकार नाकं मुरडतात, स्नॅपने जिगची चाल बिघडते म्हणतात. बिघडत असेल थोडी. माझ्या बोटांची चाल त्याहून जास्त बिघडलीय.

रॉड-रीलवर फार लिहीत नाही. स्लो जिगिंगचा बारीक, मऊ रॉड घ्या, वजन हातात घेऊनच ठरवा, आकडे वाचून नाही. रील हळू गिअरचं, ज्याला पीजी म्हणजे पॉवर गिअर म्हणतात. वेगवान गिअरचं रील मासा लागल्यावर जड जातं. हँडलची मूठ मोठी आणि गोल हवी, पूर्ण मूठ बसली पाहिजे, दोन बोटात धरायची छोटी मूठ मनगटाची वाट लावते. चार हजार साइजचं स्पिनिंग रील चालतं, ओव्हरहेड रीलला ओढताना जोर कमी लागतो पण लाइन भरताना अंगठ्याने सारखी करत बसावी लागते. काही जण इलेक्ट्रिक रीलचं विचारतात. शिमानो, डायवा या दोन्ही कंपन्यांची आहेत, खोल पाण्यासाठी उत्तम, ज्याचा एक हातच चालत नाही त्याच्यासाठी तर वरदान. पण वीस मीटर पाण्यासाठी बॅटरी आणि तेवढे पैसे मला पटत नाहीत.

तिसरा प्रकार, ताई रबर, कोणी काबुरा पण म्हणतात. मला विचाराल तर अगदी थकलेल्या माणसाने इथूनच सुरू करावं. गोल शिशाचं डोकं, त्याच्या मागे रबराच्या झिरमिळ्या आणि त्यात लपलेले दोन छोटे गळ. जपानमध्ये लाल ताई माशासाठी बनवलेला, म्हणून हे नाव. याला झटका मारायचाच नाही. तळाला टेकला की लगेच, एकसारखा, सावकाश गुंडाळायचा, आठ-दहा फेरे, परत सोडायचा. मासा मागे येऊन झिरमिळ्या टोचतो, टकटक जाणवते, आणि इथे हात शिवशिवतो, पण झटका द्यायचा नाही, त्याच वेगाने गुंडाळत राहायचं, तो स्वतःच अडकतो. बसून करता येतं, एका हाताने रॉड मांडीवर टेकवून पण करता येतं. माझ्या मिसेसला पोहण्याचीही आवड नाही आणि मासे पकडायची तर मुळीच नाही, तिने होडीत आईसबॉक्सवर बसून गप्पा मारता मारता याच्यावर रानी मासे काढले आणि वर मला विचारते, यात कठीण काय आहे? तोटा एवढाच की मासे मध्यम-लहान येतात आणि करंट वाढला की झिरमिळ्या उलट्या होऊन दोरीत गुंततात. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या, दिवसात मात्र याच्यासारखं सुख नाही.

भांगाचा विषय निघाला म्हणून सांगतो, मला तर वाटतं जिग निवडण्याआधी दिवस निवडावा. आमचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, पहिल्यांदा माझा जिग बघून म्हणाला होता, "काकानु, ह्या लोखंडाक मासो खंयसून लागतलो?" पण त्यानेच मग शहाणपणाचं सांगितलं, "उधाणाक येव नकात, अष्टमीक येवा." अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात ओढतं, साठ ग्रॅमचा जिग कुठच्या कुठे जातो आणि दीडशे ग्रॅम लावावे लागतात. अष्टमी ते दशमी भांग असतो, पाणी सुस्त, तोच साठ ग्रॅमचा जिग सरळ खाली. मोठे मासे उधाणाला जास्त फिरतात हे खरं असेल, पण त्या दिवशी मासा आणि करंट दोघांशी भांडायला लागतं. वेळेसाठी जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, जागेप्रमाणे थोडं पुढेमागे. सकाळच्या भरतीला धरून निघायचं, थंडीत पहाटेचा मतलई वारा पडला की पाणी कसं तेलासारखं होतं, आणि दुपारी समुद्राकडून वारं चढायच्या आत परत यायचं. अकरा-साडेअकरानंतर होडी हलायला लागली की कमरेचे हाल, तेव्हा लोभ करायचा नाही.

बाकीचे दोन पटकन. इन्चिकू, म्हणजे शिशाचा गोळा आणि दोरीने लटकणारा रबरी माखूल (स्क्विड), हा ताई रबर आणि स्लो जिग यांच्या मधला, हळू उचला हळू सोडा, गोबऱ्याला आवडतो, एक ठेवायला हरकत नाही. आणि टंगस्टनचे छोटे जिग. टंगस्टन शिशापेक्षा खूप घट्ट धातू, त्यामुळे त्याच वजनात आकार लहान, पाण्यात पटकन जातो आणि ओढताना अडथळा कमी. डायवाचा टीजी बेट बघण्यासारखा आहे, छोटे मासे खात असलेल्या मोठ्या माशांना बरोबर फसवतो. पण किंमत बघून खडपात टाकायला हात धजत नाही, मी तो वाळूच्या तळावरच वापरतो.

होडी लागत असेल, उलट्या होत असतील, तर समुद्रात जायची जबरदस्ती नाही. कर्ली खाडीच्या काठाने खुर्ची टाकून बसा, दहा-पंधरा ग्रॅमच्या जिगहेडला, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाला, रबरी मासा लावा, शेपटी हलणारा, टाका, तळाला जाऊ द्या, हळू गुंडाळा. चोणक आणि तांबोशी दोघं याला येतात, फक्त खडकांच्या आणि कांदळवनाच्या जवळ टाकला पाहिजे. किनाऱ्यावरून चाळीस ग्रॅमचा मेटल जिग लांब फेकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, फेकण्यातच खांद्याचा खरा सत्यानाश होतो. आणि फेकायचंच असेल तर मेजर क्राफ्ट कंपनीचा जिगपारा स्लो वीस-तीस ग्रॅमचा घ्या, तो कमी ताकदीत पण बरा जातो आणि पडताना डोलतो.

मोठा मासा लागलाच तर काय? ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, दोन-तीन किलोवर ठेवा आणि त्याला पळू द्या. तांडेलला सांगा होडी माशाच्या मागे घे, मग तुम्हाला ओढावं लागत नाही, नुसती लाइन गोळा करायची. बसूनच राहा, गुडघे फळीला टेकवा. छातीत जड वाटलं, डोकं गरगरलं तर रॉड सरळ दुसऱ्याच्या हातात द्या, मासा कोणाच्या नावावर गेला यावरून बायपास झालेल्या माणसाने वाद घालू नये. लाइफ जॅकेट घातलेलंच हवं, सीटखाली ठेवलेलं नको. होडी ठरवतानाच विचारून घ्या की तुमच्या मापाचं आहे का, बऱ्याच ठिकाणी पोटावर बंद होत नाहीत. उन्हाची टोपी, पाणी, गोळ्या. एकटं जायचं नाही, आणि हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, मला नाही.

नव्याने घेत असाल तर साठ ग्रॅमचे दोन स्लो जिग, ऐंशीचा एक, ताई रबर पंचेचाळीस आणि साठचा एकेक, एवढंच. रंगावरून कोणाशी भांडत बसू नका, एक गुलाबी आणि एक चंदेरी असला की पुरे, ताई रबर नारिंगी घ्या. उरलेल्या पैशात असिस्ट हुकाच्या दोन-तीन जास्तीच्या जोड्या आणि गोड्या पाण्याची बाटली घ्या, परत येतानाच जिग धुवून टाका, नाहीतर पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा सगळे गळ गंजून एकमेकांना चिकटलेले असतील.